मोटर बंद झाली की खरी स्पर्धा सुरू! क्लबमध्ये आरसी इलेक्ट्रिक ग्लायडरची स्पर्धा कशी भरवतात?

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आकाशाकडे पाहिलंत, तर एखादी घार पंखही न हलवता घिरट्या घालत वर चढताना हमखास दिसते. थोड्या वेळापूर्वी ती समोरच्या इमारतीच्या उंचीवर असते आणि बघता बघता तिचा ठिपका होतो. ही उंची ती स्वतःच्या ताकदीवर गाठत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेत ती नुसती जाऊन बसते, बाकीचं काम हवा करते.

हीच युक्ती माणसांनी रिमोटवरच्या विमानांसाठी वापरली आणि त्यातून एक खेळ उभा राहिला. रेडिओ कंट्रोल, म्हणजेच आरसी इलेक्ट्रिक ग्लायडरची स्पर्धा. इथे सगळ्यात वेगाने उडणारा जिंकत नाही आणि कसरती करणाराही जिंकत नाही. जो मोटर कमीत कमी वापरतो, जास्तीत जास्त वेळ हवेत राहतो आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुणेवर उतरतो, तो जिंकतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण स्पर्धा भरवणाऱ्या क्लबपुढे एक अवघड प्रश्न असतो. धावण्याच्या शर्यतीत ट्रॅक सगळ्यांना सारखाच असतो. इथे मैदान म्हणजे आकाश, आणि ते दर दहा मिनिटांनी बदलतं. अकरा वाजता उडालेल्याला वर चढणारी हवा आयती मिळाली आणि साडेअकराला उडालेल्याला काहीच मिळालं नाही, तर दोघांपैकी चांगला पायलट कोण? या स्पर्धेचे जवळपास सगळे नियम या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधतात. ते कसं, हे समजून घेऊया.

ग्लायडरला मोटर कशाला?

ग्लायडर म्हणजे लांब पंखांचं, हलकं आणि इंजिनाशिवाय तरंगणारं विमान. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथले माणसांना घेऊन उडणारे ग्लायडर विंचने, म्हणजे दोर वेगाने गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून वर नेले जातात. वर गेल्यावर दोर सुटतो आणि पुढचं उड्डाण हवेच्या भरवशावर होतं.

छोट्या आरसी ग्लायडरच्या बाबतीतही पूर्वी असंच चालायचं. कुणी लांब रबरी दोर ताणून मॉडेल सोडायचं, कुणी विंच वापरायचं. आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘एफ३जे’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात मदतनीस दोर धरून अक्षरशः धावत सुटतात आणि मॉडेल पतंगासारखं वर जातं. यासाठी धावणारी तगडी माणसं हवीत आणि लांबलचक मोकळी जागा हवी. लहान क्लबला हे झेपत नाही.

इलेक्ट्रिक मोटरने हे सगळं सोपं केलं. ग्लायडरच्या नाकात छोटी मोटर, तिला घडी होणारा प्रोपेलर आणि मागे लिथियम बॅटरी. मॉडेल हाताने फेकायचं, काही सेकंद मोटर चालवून वर न्यायचं आणि मोटर बंद करायची. बंद होताच प्रोपेलरची पाती नाकाला चिकटून मिटतात आणि विमान पुन्हा निखळ ग्लायडर होतं. दोर नाही, धावाधाव नाही. बारा-पंधरा सभासदांचा क्लबही रविवारच्या सकाळी स्पर्धा भरवू शकतो.

पण इथेच नवी अडचण येते. मोटर जास्त वेळ चालवली की उंची फुकटात मिळते. मग कौशल्याला किंमत काय राहिली?

आधी थर्मल समजून घ्या

सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला तापवते. पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं काळं रान, मुरमाड माळ, डांबरी रस्ता, पत्र्याची शेड लवकर तापतात. हिरवं पीक, तळं, ओली जमीन थंड राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होते आणि एखाद्या क्षणी बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. यालाच थर्मल म्हणतात. उन्हाळ्यात धूळ आणि पाचोळा उडवत फिरणारी वावटळ म्हणजे अशाच वर निघालेल्या हवेची डोळ्यांना दिसणारी खूण.

हवा एका जागी वर गेली की आजूबाजूची हवा खाली येते. त्यामुळे थर्मलच्या बाजूलाच ‘सिंक’, म्हणजे खाली बसणारी हवा असते. ग्लायडर त्यात सापडला तर तो झपाट्याने खाली येतो.

अनुभवी पायलट हे सगळं वाचत असतो. घारी कुठे घिरट्या घालतायत? वाऱ्याची दिशा अचानक बदलली का? गालाला लागणारी झुळूक गार झाली की उबदार? आपल्या ग्लायडरचा एक पंख आपोआप उचलला गेला का? थर्मल जवळून निघून गेला तर आजूबाजूची हवा त्याच्याकडे ओढली जाते, म्हणून जमिनीवरचा वारा क्षणभर वळतो. मैदानाच्या कडेला काठीला बांधलेली हलकी रिबीन या कामी मोठ्या महागड्या यंत्राइतकी उपयोगी पडते.

नियमांचा गाभा : उंची घ्या, पण किंमत मोजा

जगभरातल्या हवाई खेळांचं नियमन एफएआय ही आंतरराष्ट्रीय संघटना करते. इलेक्ट्रिक ग्लायडरसाठी तिचा सर्वाधिक लोकप्रिय प्रकार म्हणजे ‘एफ५जे’. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये स्लोव्हाकियात झाली. अनेक क्लब याच नियमांना थोडं सोपं करून आपली स्पर्धा घेतात.

नियम थोडक्यात असे :

• प्राथमिक फेरीत सर्वांना एकाच वेळी १० मिनिटांचा अवधी मिळतो. अंतिम फेरीत तो १५ मिनिटांचा असतो.
• मोटर एकदाच आणि जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते.
• हवेत काढलेल्या प्रत्येक पूर्ण सेकंदाला १ गुण.
• सुरुवातीला गाठलेल्या उंचीच्या प्रत्येक मीटरमागे अर्धा गुण वजा. २०० मीटरच्या वर गेलात तर पुढच्या प्रत्येक मीटरमागे ३ गुण वजा.
• खुणेपासून १ मीटरच्या आत उतरलात तर ५० गुण. पुढे प्रत्येक मीटरला ५ गुण कमी. १० मीटरच्या बाहेर शून्य.
• १० मिनिटं संपल्यानंतर जमिनीला टेकलात तर उतरण्याचे गुण मिळत नाहीत.
• खुणेपासून ७५ मीटरहून लांब उतरलात तर त्या उड्डाणाचे गुण शून्य.
• मोटर दुसऱ्यांदा सुरू केली तरी शून्य.

आता ‘उंची मोजायची कोणी?’ असा प्रश्न पडेल. प्रत्येक मॉडेलमध्ये अंगठ्याच्या नखाएवढं किंवा थोडं मोठं उपकरण असतं. ते हवेच्या दाबावरून उंची नोंदवतं आणि मोटर किती वेळ चालली हेही पाहतं. मोटर बंद झाल्यावर पुढची १० सेकंदंही ते सर्वांत जास्त उंची नोंदवत राहतं. हे का, तर काही जण मोटरवर प्रचंड वेग घेतात, मोटर बंद करतात आणि त्या वेगाच्या जोरावर नाक वर करून आणखी उंची मिळवतात. ती उंचीही मोटरचीच कमाई. म्हणून तिचाही हिशेब होतो.

गंमत म्हणजे हे उपकरण पायलटला उंची सांगत नाही. एफ५जेमध्ये मॉडेलवरून पायलटकडे उंचीची माहिती पाठवायला बंदी आहे. आपण ६० मीटरवर आहोत की ९०, हे त्याने डोळ्यांनीच ओळखायचं. आकडा कळतो तो उतरल्यावर, टाइमकीपरच्या समोर.

चार पायलट, चार निर्णय

हे गणित कागदावर मांडलं की खेळाची खरी मजा कळते. समजा एका गटात चार जण एकाच वेळी उडाले.

पहिल्याने सावध खेळ केला. १८० मीटर उंची घेतली. ९ मिनिटं ५५ सेकंद उडाला, म्हणजे ५९५ गुण. अडीच मीटरवर उतरला, ४० गुण. उंचीचे ९० वजा. एकूण ५४५.

दुसरीने मैदानाच्या कडेला घारी पाहिल्या होत्या. तिने ७० मीटरवरच मोटर बंद केली आणि सरळ तिकडे गेली. ९ मिनिटं ५२ सेकंद, म्हणजे ५९२ गुण. दीड मीटरवर उतरली, ४५ गुण. उंचीचे फक्त ३५ वजा. एकूण ६०२.

तिसऱ्याने तिच्याहून मोठी जोखीम घेतली. ४० मीटरवर मोटर बंद केली, पण थर्मल सापडलाच नाही. ३ मिनिटं २० सेकंदांत खाली. २०० गुण. अगदी खुणेवर उतरला म्हणून ५०. उंचीचे २० वजा. एकूण २३०.

चौथ्याला भीती वाटली. तो २१५ मीटरवर गेला. ५९६ सेकंद उडाला आणि खुणेवर उतरला, म्हणजे ५० गुण. पण पहिल्या २०० मीटरचे १०० आणि वरच्या १५ मीटरचे ४५, असे १४५ वजा. एकूण ५०१.

पहिली, दुसरी आणि चौथी उड्डाणं वेळेच्या दृष्टीने जवळपास सारखीच आहेत. फरक पडला तो उंचीच्या किमतीने. आणि तिसऱ्याचं उदाहरण सांगतं की नुसतं धाडस पुरेसं नाही. मोटर कधी बंद करायची हा या खेळातला सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच घ्यावा लागतो.

आकाश बदलतं, मग तुलना कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरच्या गटाला चांगली हवा मिळाली. पुढचा गट उडाला तेव्हा मोठा ढग आला, जमीन गार झाली आणि कुणीच पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकलं नाही. त्या गटातल्या सर्वोत्तम पायलटचे गुण झाले ३१०. मग तो पहिल्या गटातल्या ५०१ गुणांच्या घाबरट उड्डाणापेक्षा वाईट ठरतो का?

अजिबात नाही. म्हणून दोन गटांचे मूळ गुण एकमेकांशी कधीच थेट ताडून पाहत नाहीत. प्रत्येक गटातल्या विजेत्याला १००० गुण देतात आणि इतरांना त्याच्या प्रमाणात. पहिल्या गटात ६०२ वाली १००० वर जाते. ५४५ चे साधारण ९०५ होतात, ५०१ चे ८३२ आणि २३० चे ३८२. दुसऱ्या गटात ३१० चे १००० होतात, आणि २७९ मिळवणाऱ्याला बरोबर ९००. म्हणजे खराब हवेत टिकून राहणाऱ्याचं कौशल्य वाया जात नाही. ज्यांच्या डोक्यावर एकच आकाश होतं, त्यांचीच आपसात तुलना होते.

यातून क्लबसाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली, गट फार लहान नको. दोघांच्या गटात एक जण हमखास १००० गुण मिळवतो, मग तो कसाही उडो. निदान पाच-सहा जण एकत्र उडावेत.

दुसरी, गट दर फेरीला बदलावेत. क्लबमधला सर्वांत तगडा पायलट सतत तुमच्याच गटात असेल तर तुमचे गुण दर वेळी दबलेलेच राहणार. प्रत्येकाची शक्यतो प्रत्येकाशी गाठ पडेल अशी सोडत काढावी. हे हाताने करणं किचकट असतं. ग्लायडरस्कोरसारखं संगणकावरचं सॉफ्टवेअर सोडत, गुणांचं गणित आणि वेळेच्या आवाजी सूचना असं सगळंच सांभाळतं.

तिसरी, फेऱ्या पुरेशा हव्यात. एखाद्या वेळी सिंकमध्ये सापडणं कुणाच्याही नशिबी येऊ शकतं. पाच फेऱ्या घेऊन प्रत्येकाची सर्वांत वाईट फेरी सोडून दिली, तर एका दुर्दैवी उड्डाणाने दिवस वाया जात नाही. नशीब पूर्णपणे काढून टाकता येत नाही, पण त्याचा वाटा बराच कमी करता येतो.

मैदान, माणसं आणि वेळापत्रक

समजा १२ स्पर्धक आहेत. त्यांचे सहा-सहाचे दोन गट. प्रत्येक गटासाठी ५ मिनिटं तयारी, १० मिनिटं उड्डाण आणि ३ मिनिटं मोजमाप व जागा मोकळी करायला. म्हणजे १८ मिनिटं. पाच फेऱ्या म्हणजे १० उड्डाण-सत्रं, एकूण १८० मिनिटं. सकाळी नऊला सुरू केलं तर चहाची सुट्टी धरून साडेबारापर्यंत प्राथमिक फेऱ्या आटोपतात. मग जेवणाआधी १५ मिनिटांची अंतिम फेरी घेता येते.

माणसांचं गणितही यातच बसतं. पहिला गट उडतो तेव्हा दुसऱ्या गटातले सहा जण टाइमकीपर होतात, आणि उलट. वेगळे स्वयंसेवक लागत नाहीत. फक्त दोन जण पूर्ण मोकळे हवेत : एक स्पर्धा संचालक आणि एक गुण नोंदवणारा. संचालकाने त्या दिवशी स्वतः उडवायचा मोह टाळलेला बरा. ज्याचा ग्लायडर हवेत आहे त्याला वादात निवाडा देता येत नाही.

मैदानावर उतरण्याच्या सहा खुणा वाऱ्याला आडव्या रेषेत करायच्या. दोन खुणांमध्ये १५ मीटर अंतर ठेवलं तर ७५ मीटरची रेषा होते. प्रत्येक खुणेला एक १० मीटरची दोरी, तिच्यावर दर मीटरला रंगाचा पट्टा. दोरीचं एक टोक खुणेवर धरून दुसरं मॉडेलच्या नाकाच्या दिशेने ताणलं की गुण लगेच वाचता येतात. टेप आणि वही घेऊन धावपळ करावी लागत नाही. वारा फिरला तर फेऱ्यांच्या मध्ये रेषाही फिरवायची, गट हवेत असताना मात्र कधीच नाही.

वेळ सांगणारा आवाज सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. एक मोठा स्पीकर आणि आधीच ध्वनिमुद्रित केलेली उलटी मोजणी असेल तर ‘मला ऐकू आलं नाही’ ही तक्रार उरत नाही. टाइमकीपरला दोनच गोष्टी पक्क्या सांगा. मॉडेल हातातून सुटताच घड्याळ सुरू, जमिनीला पहिल्यांदा टेकताच बंद. आणि उंचीचा आकडा वाचून लिहून घेईपर्यंत पायलटने बॅटरी काढायची नाही.

सुरक्षेत सवलत नाही

वजनाने हलका दिसतो म्हणून ग्लायडर निरुपद्रवी नसतो. एफ५जेच्या मॉडेलच्या पंखांचा विस्तार ४ मीटरपर्यंत असू शकतो. टोकदार नाकाचं असं मॉडेल वेगात अंगावर आलं तर गंभीर इजा होते.

सहा मॉडेल एकाच थर्मलमध्ये शिरली की टक्कर होण्याचा धोका वाढतो. त्यावर एक साधा शिरस्ता आहे. थर्मलमध्ये आधीपासून असलेला ज्या दिशेने घिरट्या घालतोय, त्याच दिशेने नंतर आलेल्यानेही घालायच्या. प्रत्येक पायलटजवळ उभा असलेला टाइमकीपर किंवा मदतनीस ‘डावीकडून वर एक येतोय’ असं सतत सांगत राहिला तर बरेच अपघात टळतात.

उतरताना ५० गुणांच्या मोहात मॉडेल माणसांच्या दिशेने घुसवलं जातं. म्हणून प्रेक्षक, गाड्या आणि तंबू खुणांच्या रेषेपासून लांब, आखलेल्या पट्ट्याच्या मागे हवेत. त्या पट्ट्यात मॉडेल शिरलं तर मोठा दंड, हे सकाळच्या सूचनांमध्येच सांगून ठेवावं.

लिथियम पॉलिमर बॅटरी हा वेगळाच विषय आहे. तिच्या एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.७ असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. त्यापुढे चार्ज केली, चेपली किंवा भोसकली गेली तर ती पेट घेऊ शकते. आपटलेल्या मॉडेलमधली बॅटरी त्याच गाडीच्या डिकीत टाकून घरी नेऊ नका. ती काढून उघड्यावर, वाळूच्या बादलीत काही वेळ ठेवा. फुगलेली बॅटरी स्पर्धेत वापरू देऊ नका. आणि मॉडेलला बॅटरी जोडताना प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत बोट किंवा चेहरा नको. चुकून थ्रॉटल वर राहिलेला असला तर मोटर इशारा देऊन सुरू होत नाही.

रेडिओचं टेन्शन मात्र पूर्वीपेक्षा खूप कमी झालंय. जुन्या सेटमध्ये दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली तर मॉडेल कोसळायचं. त्यामुळे फळ्यावर चिमटे लावून पाळी ठरवावी लागे. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट एकमेकांना सांभाळून चालतात. तरी एखाद्याकडे जुना सेट असेल तर फळा आणि चिमटा काढावाच लागतो.

भारतात भरवायची असेल तर

आपल्याकडे रिमोटवरचं मॉडेल विमान ‘ड्रोन नियम, २०२१’ च्या कक्षेत येतं. २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा विरंगुळ्यासाठी वापरलेलं आणि डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल, अशी त्यात वेगळी व्याख्याच आहे.

इथे ग्लायडरवाल्यांनी एक आकडा लक्षात ठेवायचा : १२० मीटर, म्हणजेच ४०० फूट. हिरव्या क्षेत्रातही मोकळीक तेवढ्याच उंचीपर्यंत आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. त्याच्या वरची हवा पिवळ्या क्षेत्रात मोडते आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही मोटर १०० मीटरवरच बंद करू.’ पण थर्मल १२० मीटरवर थांबत नाही. चांगला पायलट पाच मिनिटांत २५०-३०० मीटरवर असू शकतो. त्यामुळे स्पर्धेची तारीख ठरवण्याआधी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणं, जागेच्या मालकाची संमती घेणं आणि गरज असेल तिथे उंचीची परवानगी मिळवणं हीच पहिली पायरी आहे. पत्रिका छापून, बक्षिसं आणून झाल्यावर परवानगीची आठवण झाली, तर दिवस रद्द करण्याशिवाय पर्याय उरत नाही.

वाद आधीच मिटवा

स्पर्धेत वाद होतातच. ते मैदानावर मिटवण्यापेक्षा कागदावर आधीच मिटवलेले बरे. सर्वांत जास्त वाद पुन्हा उडण्याच्या संधीवरून होतात. ढोबळ तत्त्व असं : पायलटच्या हाताबाहेरच्या कारणाने उड्डाण बिघडलं तर संधी, त्याच्या स्वतःच्या चुकीने बिघडलं तर नाही.

हवेत दुसऱ्या मॉडेलची टक्कर झाली, टाइमकीपरने घड्याळच सुरू केलं नाही, तर पुन्हा उडता येतं. बॅटरी नीट बसवली नव्हती किंवा थर्मल सापडला नाही, तर येत नाही. आणि मागणी लगेच करायची. टक्कर झाल्यावरही तसंच उडत राहून, शेवटी गुण कमी पडले म्हणून संधी मागितली तर ती देऊ नये. हा नियम सकाळी मोठ्याने वाचून दाखवला की दुपारचे अर्धे वाद होतच नाहीत.

नवशिक्याचं काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कार्बन फायबरचं, चार मीटर पंखांचं मॉडेल घेऊन आलेला जुना सभासद आणि फोमचं दोन मीटरचं मॉडेल घेऊन पहिल्यांदाच आलेला कॉलेजचा मुलगा एकाच गटात उडाले, तर निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो. तो मुलगा पाचही फेऱ्यांत तीनशे-चारशे गुण घेऊन घरी जातो आणि पुढच्या महिन्यात येत नाही. असं तीन-चार वेळा झालं की क्लब म्हाताऱ्यांचा कट्टा होऊन बसतो.

यावर साधे उपाय आहेत. फोमच्या आणि दोन मीटरपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा वर्ग ठेवा. त्यांच्यासाठी उंचीची वजाबाकी काढून टाका आणि अमेरिकेत रुळलेली ‘एएलईएस’ पद्धत वापरा. त्यात छोटं उपकरण ठरलेल्या उंचीला, साधारणपणे २०० मीटरला, किंवा ३० सेकंद झाल्यावर मोटर आपोआप बंद करतं. सगळे साधारण सारख्या उंचीवरून सुरुवात करतात आणि पायलटला फक्त हवा शोधायची असते. आपल्याकडे मिळालेल्या परवानगीनुसार ही मर्यादा खाली आणता येते. १० मिनिटांऐवजी ६ मिनिटांचा अवधी ठेवा.

आणि प्रत्येक नवशिक्याच्या शेजारी एक अनुभवी सभासद मदतनीस म्हणून उभा करा. ‘तुझा उजवा पंख उचलला गेला, उजवीकडे वळ’ हे एक वाक्य योग्य क्षणी कानावर पडलं की जे शिकायला मिळतं, ते वर्षभर व्हिडिओ पाहून मिळत नाही.

शेवटी इतकंच. घारीला वर चढताना पाहून जो प्रश्न आपल्याला पडतो, त्याचं उत्तर हा खेळ दहा मिनिटांत अनुभवायला देतो. चांगला क्लब आकाश सगळ्यांना सारखं करून देऊ शकत नाही. पण सहा जणांना एकाच क्षणी, एकाच आकाशाखाली उभं करून ‘आता दाखवा’ असं तो नक्की म्हणू शकतो. पुढच्या वेळी एखादी घार घिरट्या घालताना दिसली, तर तिच्या खालची जमीन कोणती आहे तेही पाहा. थर्मल शोधायची पहिली शिकवणी तिथेच सुरू होते.